बाजूला बसणारा माणूस : वॉटकिन्स ग्लेनच्या ट्रॅकवर एक दिवस

घाटवळण

गेल्या शनिवारी सकाळी सव्वासहाला मी न्यूयॉर्क राज्यातल्या एका रेसट्रॅकच्या आवारात उभा राहून गाडी रिकामी करत होतो. स्टेपनी, जॅक, पायाखालच्या मॅट, मुलीची सीट, दारातल्या कप्प्यातली चिल्लर, टोलच्या पावत्या. सगळ्यात शेवटी डॅशबोर्डवरचा गणपती. गाडीत सुटं काहीही राहता कामा नये असा नियम. गणपती सुटा नाही, चिकटवलेला आहे, असा वाद मी घालून पाहिला. तपासणी करणाऱ्या बाईंनी त्याला एका बोटाने हलकेच ढकललं. तो हलला. मग तो दिवसभर प्लास्टिकच्या खोक्यात, टॉर्क पान्याच्या शेजारी बसून राहिला.

मी न्यू जर्सीत राहतो, गाडी फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, हाताने गिअर टाकायची. वॉटकिन्स ग्लेन घरापासून चार तास, सेनेका तलावाच्या टोकाला. इकडे गाड्यांचे क्लब असतात. पोर्शेवाल्यांचा १९५५ पासूनचा, बीएमडब्ल्यूवाल्यांचा १९६९ पासूनचा, आणि इतर बरेच. हे क्लब ट्रॅक भाड्याने घेऊन हौशी लोकांसाठी शिकवणीचे दिवस भरवतात. बहुतेक ठिकाणी गाडी त्याच कंपनीची हवी असंही नसतं. ही शर्यत नव्हे. घड्याळ लावायला सक्त मनाई, पहिला-दुसरा नंबर नाही, कप नाही. ओव्हरटेक फक्त ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर, आणि तेही पुढच्याने खिडकीतून हात काढून ‘जा’ म्हटलं तरच. हे ऐकल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आपल्याकडे घाटात ट्रकचा क्लीनर खिडकीतून हात हलवून साइड देतो, अगदी तेच. हॉर्न ओके प्लीज एवढं लिहायचं राहिलंय.

सकाळी सातला मीटिंग. झेंडे समजावले. पिवळा म्हणजे पुढे काहीतरी झालंय, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे मागचं बघत हळूहळू कडेला येऊन थांबा. काळा झेंडा तुमच्याकडे रोखून दाखवला तर मुकाट्याने आत या, तुमच्याशी बोलायचंय. (शाळेतल्या ‘ऑफिसात ये’ची आठवण झाली.) अनुभवाप्रमाणे चार गट, प्रत्येकाला आळीपाळीने वीस-पंचवीस मिनिटं, अशी दिवसभरात चार सेशन. मी अर्थातच सगळ्यात कच्च्या गटात. माझ्या दारावर निळ्या चिकटपट्टीने ४७ आकडा काढला होता, तो उन्हाने सुटत सुटत संध्याकाळपर्यंत ४१ झाला.

आणि मग मास्तर आले.

वय अडुसष्ट, निवृत्त, गुडघ्याला पट्टा. ते हे काम फुकट करतात. मोबदला काय, तर त्यांना त्यांच्या गटात स्वतःची गाडी पळवायला मिळते. त्यांनी हात मिळवला, हेल्मेट घातलं, बाजूच्या सीटवर बसून पट्टा आवळला आणि विचारलं, “आज इथून काय घेऊन जायचंय?” मी म्हटलं, “गाडी, आहे तशी.” ते म्हणाले, “छान. आपलं दोघांचं ध्येय एकच आहे.”

मी गाडी शिकलो साताऱ्यात, मारुती ८०० वर. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांच्या पायाशी जादा ब्रेक आणि क्लच होता. ते पुडीतले शेंगदाणे खात खिडकीबाहेर बघायचे आणि वेळ आली की नुसता पाय टेकवायचे. मी काय करतोय याची त्यांना फिकीर नव्हती, कारण गाडी खरं म्हणजे तेच चालवत होते. इथे मास्तरांच्या पायाशी काहीच नव्हतं. हेल्मेटमधला माईक आणि आवाज, एवढंच सामान. समोर साडेतीनशे मीटरवर वळण, शेजारी एक अनोळखी साताऱ्याचा माणूस, ज्याने आयुष्यात ट्रॅक पाहिलेला नाही. हा माणूस दिवसातून दोन-तीन अशा विद्यार्थ्यांशेजारी बसतो, आणि हे वीस-बावीस वर्षं चाललंय. धाडसाबद्दल कुणाचं कौतुक करायचं असेल तर माझ्या मते चालवणाऱ्याचं नको, याचं करा.

ट्रॅकबद्दल थोडं सांगतो, कारण ग्लेन साधी जागा नाही. १९४८ साली कॅमरॉन अर्जेटसिंगर नावाच्या कॉर्नेलच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने इथे गावच्या रस्त्यांवरच शर्यत भरवली, ६.६ मैलांचा फेरा, घरांसमोरून, रेल्वेचे रूळ ओलांडून. १९५२ मध्ये रस्त्याकडेला बसलेला एक लहान मुलगा गाडीखाली गेला आणि गावातली शर्यत बंद पडली. आजचा बंदिस्त ट्रॅक १९५६ चा. १९६१ ते १९८० इथे अमेरिकेची फॉर्म्युला वन शर्यत व्हायची. मास्तर लहानपणी वडिलांबरोबर तंबू ठोकून ती बघायचे. पूर्ण फेरा ३.४ मैल, म्हणजे जवळपास साडेपाच किलोमीटर, अकरा वळणं. आणि दोन्ही बाजूंना फिकट निळ्या रंगाचे लोखंडी कठडे, अंगावर आल्यासारखे जवळ. नव्या ट्रॅकवर चुकलात तर गाडी पसरायला मैदान असतं. इथे बऱ्याच ठिकाणी थोडं गवत आणि मग ते निळं लोखंड.

पहिलं वळण उजवं, उताराचं, त्याला ‘नाइन्टी’ म्हणतात. तिथून खाली उतरून मग ‘एसेस’, म्हणजे चढावर उजवं-डावं-उजवं असे लागोपाठ झोके. चढ असल्यामुळे पुढचं वळण दिसत नाही, दिसतो तो फक्त कठडा. १९७३ साली फ्रान्सचा फॉर्म्युला वन चालक फ्रान्स्वा सेव्हेर याचा इथेच सरावात जीव गेला. त्याचा जोडीदार जॅकी स्टुअर्टची ती शंभरावी शर्यत ठरली असती. तो त्यात उतरलाच नाही, तिथूनच निवृत्त झाला. आदल्या रात्री हे सगळं वाचायची दुर्बुद्धी मला झाली होती, त्यामुळे पहिल्या फेरीत एसेसमध्ये मी त्या कठड्याकडे जो बघत राहिलो, की गाडीही हळूहळू तिकडेच सरकायला लागली.

मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त डावा हात माझ्या नजरेसमोर आणला आणि लांब वर, चढाच्या माथ्यावरच्या झेंडेवाल्याच्या मचाणाकडे बोट केलं. “तिथे बघ. गाडी तू बघशील तिकडे जाते. कठड्याकडे बघशील तर कठडा मिळेल.” मी मचाणाकडे बघितलं. आणि खरंच सांगतो, हातांनी काही वेगळं केल्याचं मला आठवत नाही, पण गाडी सरळ वर गेली.

पुढची दोन सेशन सगळं हेच. नजर उचल. अजून लांब. वळणात शिरलास ना, मग आता ते संपलं, पुढचं बघ. मध्येच म्हणायचे, “बोटं हलव.” म्हणजे स्टिअरिंग धरलेल्या हातांची बोटं पियानोसारखी हलवून दाखवायची. हलत नसतील तर तुम्ही स्टिअरिंगचा गळा दाबताय. माझी पहिल्या सेशनला हललीच नाहीत. दुसऱ्या सेशनला मागच्या सरळ रस्त्यावर ताशी ९५ मैलांना हलली, आणि मास्तर म्हणाले, “आता आपण दोघं जिवंत आहोत.”

ब्रेकचंही उलटं निघालं. आपण रस्त्यावर आधी हळू दाबतो, मग घाबरून जोरात. इथे आधी सरळ रेषेत पूर्ण जोर, मग वळणात शिरताना मधाचं बोट चाटावं तसा हळूहळू सोडायचा. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, चाकं जमिनीला घट्ट धरतात, आणि त्या पकडीवरच वळायचं. एकदम सोडला की वजन मागे पळतं आणि पुढची चाकं रुसतात. पुस्तकात हे वाचलं होतं. पण बुडाखाली ते हलताना कळणं वेगळं.

दुपारी डबा काढला. बायकोने थालीपीठं आणि दाण्याची चटणी दिली होती. मास्तरांना एक दिलं. त्यांनी ते सँडविचसारखं दुमडून उभ्याने खाल्लं, चटणीने वाहायला लागलेलं नाक पुसलं आणि काही बोलले नाहीत.

तिसरं सेशन. ऊन तापलेलं, माझी भीड चेपलेली, म्हणजे दोन्ही वाईट. मागच्या सरळ रस्त्याच्या शेवटी ‘बस स्टॉप’ नावाचं खोडं आहे. १९९१ मध्ये तिथे स्टॉक कारच्या शर्यतीत एका चालकाचा जीव गेला, त्यानंतर वेग मोडायला त्यांनी सरळ रस्त्यात हे झटपट उजवं-डावं-डावं-उजवं घुसवलं. मी १०८ मैलांवरून ब्रेक दाबला आणि पेडल खाली गेलं. पूर्ण नाही, पण लोण्यात सुरी जावी तसं, आणि पायाला जी भिंत लागायची ती लागलीच नाही.

मास्तरांचा आवाज तेवढाच शांत. “वळू नकोस. सरळ.”

सकाळीच त्यांनी सांगून ठेवलं होतं, बस स्टॉपला उशीर झाला तर वळायचा नाद सोड, जुना सरळ रस्ता समोर अजून आहे, त्यावरून निघून जा. तसा गेलो. ब्रेक पंप केला, गिअर उतरवले, गाडी हळू झाली. त्यांनी बाजूच्या खिडकीतून हात वर धरला, मी माझ्या. हळूहळू उरलेला फेरा करून आत. जळक्या लाइनरचा वास सगळ्या गाडीत. हँडब्रेक ओढू नकोस, तापलेल्या डिस्कला पॅड चिकटतात, गिअरमध्ये ठेव, हे त्यांनी मी थांबायच्या आत सांगितलं.

कारण शोधायला वेळ लागला नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. कोरं डॉट ४ ऑइल २३० अंशांपर्यंत तरी उकळू नये असं त्याचं मानक आहे, पाणी ओढलेल्याला तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते. क्लबच्या फॉर्मवर ‘सहा महिन्यांत ऑइल बदललं आहे’ या रकान्यात आमच्या गॅरेजवाल्याने टिक केली होती. बिलात ते नव्हतं. टिक त्याने केली, बिल न वाचता सही मी केली. गाडी आधीच्या मालकाकडून माझ्याकडे आल्यापासून ऑइल बदललेलंच नव्हतं, हे मला घरी कागद चाळताना कळलं.

चौथ्या सेशनला गाडी बाहेर काढायचा प्रश्न नव्हता. शेजारच्या तंबूतल्या, सकाळपासून कुणाशीही धड न बोललेल्या एका पोर्शेवाल्याने आपणहून ऑइलची बाटली आणि पारदर्शक नळी आणली आणि गाडीखाली सरकला. मी आत बसून पेडल मारतोय, तो खालून ओरडतोय. पंप. पंप. धर. सोड. चारही चाकं. पैसे घेतले नाहीत.

मास्तर म्हणाले, चल, माझ्या गाडीत बस. त्यांची पंचवीस वर्षांची बीएमडब्ल्यू एम३, आत मागची सीटसुद्धा नाही. आता बाजूच्या सीटवर मी. माझी गाडी जिथे किंचाळायची तिथे ही गाडी नुसती वळत होती, आणि मास्तर मध्येच मला वळणातून गाडी न्यायची रेघ दाखवत गप्पा मारत होते. त्यांचे हात जवळजवळ हलतच नव्हते. ‘बूट’ नावाचा जो खालचा भाग आहे, तिथे उतारावरून आम्ही इतके जोरात खाली गेलो की मी डोळे मिटले. नजर उचल वगैरे सगळं विसरलो.

बाहेर येऊन उतरलो तर माझी उजवी पोटरी वळली होती. वीस मिनिटं मी नसलेला ब्रेक दाबत होतो.

मास्तर हसले. “पाय दुखतोय? माझाही दुखतो. दर शनिवारी.”

---

साधीसुधी

वा, काय लिहिलंय! गणपती ढकलणाऱ्या बाईंचा मात्र मला राग आला. 🙂 मुळात घरी कसं सांगितलंत? आणि गाडी आपटली असती तर विमा?

---

घाटवळण

@साधीसुधी, घरी ‘सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स’ असं सांगितलं होतं. खोटं नाही ते. विम्याचं म्हणाल तर नेहमीच्या पॉलिसीत ट्रॅकवरचं नुकसान बहुतेक वगळलेलंच असतं, वाचून घ्यावं. एका दिवसापुरता वेगळा ट्रॅकविमा मिळतो, मी घेतला होता. निळे कठडे बघितल्यावर त्या पैशांचं वाईट वाटलं नाही.

---

अण्णा_तिखट

धागा चांगला, पण स्पष्ट बोलतो. स्वतःचं पेट्रोल जाळून, गोल गोल फिरून, सकाळी होतो तिथेच संध्याकाळी परत यायचं आणि वर त्याचे पैसे भरायचे. यापेक्षा वरंधा घाटात पावसाळ्यात एसटी चालवणाऱ्याचा सत्कार करा. त्याला ना हेल्मेट, ना झेंडे, ना मास्तर. समोरून ट्रक, कडेला दरड, मागे पन्नास माणसं आणि त्यातली दहा ओकणारी.

---

चाकणकर

अण्णा, एसटीवाल्यांना दंडवत आहेच. पण ज्याला वेगाची खाज आहे तो ती कुठेतरी भागवणारच. पहाटे एक्स्प्रेसवेवर किंवा ताम्हिणीत जी पोरं उडत असतात त्यांच्यापेक्षा ट्रॅकवरचा बरा.

घाटवळण, मी हे आपल्याकडे केलंय, म्हणून लिहितो. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, ३.७ किमी, १९९० पासूनचा. त्याआधी ही मंडळी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती लावायची. आम्ही पाचजण पुण्याहून दोन गाड्यांतून गेलो, बाराशे किलोमीटर एकीकडून. म्हणजे ट्रॅकवर जेवढं चालवलं त्याच्या कितीतरी पट तिथे पोचायला. उकाडा असा की हेल्मेटमधून घाम डोळ्यांत. आमच्याबरोबर शिकवायला असे शेजारी बसणारे कुणी नव्हते. सकाळी एका जाणत्याने तीन फेऱ्या पुढे राहून रेघ दाखवली आणि मग ज्याचं त्याने. तुमचं वाचून हेवा वाटला तो ट्रॅकचा नाही, मास्तरांचा.

आणि हो, आमच्या एका पोलोचा ब्रेक तुमच्यासारखाच मऊ पडला. कारणही तेच. हा सगळ्यांचा पहिला धडा असतो बहुतेक.

---

पेट्रोलवाला_नाशिक

चाकणकर, कोइमतूरला कधी गेलात का? कारी मोटर स्पीडवे. लहान आहे, पण साध्या गाड्यांना तोच बरा असं ऐकतो. ट्रॅक २००३ चा, करिवर्धन यांच्या नावाचा. त्यांनी स्वतः रेसच्या गाड्या बांधून नव्या पोरांना चालवायला दिल्या, त्यातून एक आख्खी पिढी तयार झाली. नारायण कार्तिकेयन त्याच गावचा, २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय.

ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किमीचा, २०११ ते २०१३ तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटेल जिंकला, आणि मग हा खेळ की करमणूक, कर किती, या वादात सगळं थांबलं. महाराष्ट्रात गाड्या बनतात चाकणला, रांजणगावला, नाशिकला. ट्रॅकसाठी मात्र आपण तमिळनाडूत जायचं. यावर कधीतरी वेगळा धागा काढा कुणीतरी.

---

र्‍हाईनकाठी

जर्मनीतून रामराम. इथे न्युर्बुर्गरिंग या ट्रॅकची नॉर्डश्लायफं (उत्तरेकडचा फेरा) आहे, १९२७ ची, एका फेऱ्याला २०.८ किमी. गंमत अशी की ठरलेल्या वेळी ती सर्वांसाठी खुली असते. टोल भरा, दांडी वर जाते, चालवा. कायद्याने तो एकेरी वाहतुकीचा टोलचा रस्ता, नेहमीचे वाहतुकीचे नियम लागू, ओव्हरटेक डावीकडूनच. त्यामुळे तुमच्या पुढे कुटुंबकबिला घेऊन आलेली स्टेशन वॅगन आणि मागे दिवे मारणारी पोर्शे. शेजारी मास्तर नाही, मुळात कुणी विचारतच नाही की तुला येतं का. कठडा वाकवलात तर त्याचं बिल तुम्हाला.

मी एकदा गेलो, कंपनीतल्या दोन पुणेकरांबरोबर. त्रेसष्ट-चौसष्टावं वळण असेल, मला वाटलं आता संपलं. संपलं नव्हतं. वर आल्यावर एकाने चहा मागितला, दुसऱ्याने आईला फोन केला. परत गेलो नाही. तुमच्या मास्तरांसारखं कुणी शेजारी बसून बोट दाखवणारं असतं तर गेलो असतो.

---

शब्दवेडी

गाड्यांमधलं मला ओ की ठो कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. एक शंका. वळणात आतल्या कडेला जिथे गाडी सगळ्यात जवळ येते त्याला तुम्ही लोक ‘एपेक्स’ म्हणता ना? मराठीत काय म्हणायचं? शिरोबिंदू अजिबात नको.

---

घाटवळण

@शब्दवेडी, म्हणूनच लेखात तो शब्द टाळला. 🙂 ट्रॅकवर तिथे नारिंगी शंकू ठेवलेले असतात, आणि मास्तर म्हणायचे शंकूला कुरवाळून जा. मी मनातल्या मनात ‘कूस’ म्हणत होतो. वळणाची कूस.

---

चाकणकर

कूस मस्त. आमच्यातला एकजण त्याला ‘पोट’ म्हणतो. “पोटाला घासून काढ गाडी.” ऐकायला बरं नाही, पण समजतं लगेच.

---

निरुपमा_गिअर

हा धागा मला आज दिसला, आणि आता दोन तास काम होणार नाही.

मी कॅलिफोर्नियात, तीन वर्षं क्लबबरोबर ट्रॅकवर जाते. आमच्याकडे नवरा डबा घेऊन येतो आणि फोटो काढतो, चालवते मी. दरवेळी कुणीतरी त्याला विचारतं, “तुझा गट कुठला?” तो म्हणतो, “जेवणाचा.”

आमचा लाडका लगुना सेका, २.२३८ मैल, अकरा वळणं. त्यातला ‘कॉर्कस्क्रू’ म्हणजे चढ चढत वर जायचं, समोर फक्त आभाळ, आणि मग जमीन एकदम पायाखालून काढून घेतल्यासारखी डावीकडे-उजवीकडे खाली. तिथे नजरेचं जे तुम्ही लिहिलंय ते दुप्पट खरं, कारण बघायला समोर काही नसतंच. मला शिकवणाऱ्या बाईंनी लांबचं एक झाड दाखवलं होतं. त्या झाडाच्या बुंध्यावर गाडी सोडायची. पहिल्या दिवशी मी झाडाशी भांडले, आता नमस्कार करून जाते. आणि तिथे आवाजावर बंधन आहे, बऱ्याच दिवशी ९० डेसिबलची मर्यादा. गाडीच्या सायलेन्सरचा आवाज मोठा असेल तर घरी पाठवतात. आपल्या डीजेवाल्यांना दाखवायला हवं.

नवीन लोकांसाठी एक. हेल्मेट मोटरसायकलचं आणू नका. हेल्मेटच्या स्नेल या सुरक्षा मानकात मोटरसायकलचं ‘एम’ आणि गाडीचं ‘एसए’ वेगळं. एसएच्या आतलं अस्तर आगीला दाद न देणारं असतं, आणि गाडीतल्या लोखंडी पिंजऱ्यावर डोकं आपटण्याची वेगळी चाचणी त्याला द्यावी लागते. काही क्लब एम चालवून घेतात, पण घ्यायचंच आहे तर एसए घ्या. लांब केस असतील तर वेणी खाली, मानेशी. आंबाडा घालून हेल्मेट घातलंत तर संध्याकाळी मान माझ्याकडे घेऊन या.

---

साधीसुधी

निरुपमाताई, तुमच्या ‘जेवणाच्या गटा’चं नाव मी आमच्या घरी वापरणार आहे. घाटवळण, खर्च सांगितला नाहीत तुम्ही. मोघम नको, आकडा सांगा.

---

घाटवळण

आकडा. दिवसाची फी साडेतीनशे डॉलर, विमा निराळा, पेट्रोलची टाकी दीड, आदल्या रात्रीचं मोटेल. हेल्मेट एकदाच. त्याहून खरा खर्च मागाहून कळतो. पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा एका दिवसात अशा घासल्या गेल्या की वर्षाचं रनिंग झाल्यासारख्या दिसतात. हवाही मी नेहमीसारखीच भरून गेलो होतो. ट्रॅकवर टायर तापले की हवेचा दाब वाढत जातो, म्हणून प्रत्येक सेशननंतर गरम टायरवरच मोजून कमी-जास्त करायचा असतो. हे मला तिसऱ्या सेशनच्या आधी कळलं. चाकाचे बोल्टही प्रत्येक सेशनला तपासायचे, या गाडीला १२० न्यूटन मीटर.

---

अण्णा_तिखट

परत आलो. वर जरा जास्त तिखट झालं असेल, पण मागे घेत नाही. मात्र ते शेजारी बसणाऱ्या मास्तरांचं डोक्यातून गेलं नाही दोन दिवस.

आमचे काका एसटीत चालक होते, महाड डेपो. नवीन भरती झालेल्या पोराला घाट दाखवायचा तर रिकामी गाडी द्यायचे आणि शेजारी काकांना. जुन्या गाड्यांत इंजिन आत असायचं, त्याच्या झाकणावर काका बसायचे, खाली कांबळं घालून, कारण झाकण तापायचं. पायाशी ब्रेक कुठला आलाय. काका सांगायचे, घाट सुरू झाला की मी पानाचा डबा उघडायचो. पान लावायचो. चुना, कात, सुपारी, सावकाश. पोराला वाटायचं म्हातारा निर्धास्त आहे, मग त्याचे हात सैल पडायचे. आम्ही विचारलं, “आणि तुम्हाला भीती नाही वाटायची?” तर म्हणाले, “पान लावायचो, खायचो नाही. तोंड कोरडं असायचं.”

---

चाकणकर

अण्णा, एवढ्यासाठी सगळं माफ.

---

र्‍हाईनकाठी

पानाचा डबा. आमच्या दोघा पुणेकरांना वाचून दाखवला. ज्याने आईला फोन केला होता तो गप्प झाला.

---

निरुपमा_गिअर

अण्णा, ही गोष्ट मी आमच्या शिकवणाऱ्या बाईंना सांगणार, चालेल ना? त्या च्युइंगम चघळतात. आता कळलं का ते.

---

अण्णा_तिखट

सांगा की. डेपोचं नाव घालून सांगा.

---

घाटवळण

अण्णा, मलाही काय लिहावं सुचलं नाही, म्हणून दोन दिवसांनी येतोय. काकांची गोष्ट इंग्रजीत उतरवून मास्तरांना मेल केली. पान म्हणजे काय हे समजावण्यात अर्धी मेल गेली.

इकडची खबर. गाडीत नवीन ब्रेक ऑइल आणि ट्रॅकचे पॅड टाकले, यावेळी मी गॅरेजमध्ये उभं राहून, जुनं काळं पडलेलं ऑइल बाटलीत भरून घेतलं, तेव्हाच बिल भरलं. गॅरेज दुसरं. ऑगस्टची तारीख धरली आहे. गणपती परत डॅशबोर्डवर गेला, मुलीने त्याच्याखाली दुपटीने गोंद लावलाय, तरी तो खोक्यातच बसणार हे तिला अजून सांगितलेलं नाही.

मास्तरांचं उत्तर आज सकाळी आलं. काकांबद्दल एकच ओळ होती, त्यांना भेटायला आवडलं असतं अशी. बाकी मेलमध्ये, ऑगस्टला आपणच शेजारी बसू असं क्लबला कळवलंय, आणि ते दुमडून खायचं पिठाचं जे काही होतं ते येताना दोन आण.